बिननावाचं पाकीट

एखादं गुपित किती माणसांना कळलं म्हणजे त्याला गुपित म्हणणं बंद करावं, याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. निघाला असता तर तो रोहिदास झोले यांच्या फायलीत नक्की सापडला असता. मोखाड्याच्या पंचायत समितीत पाणीटंचाईचं टेबल सांभाळणारा हा बावन्न वर्षांचा माणूस. पाड्यापाड्यांवरून टँकरसाठी अर्ज यायचे आणि भाऊसाहेब त्यातली चूक अशी काढायचे, जशी एखादी आजी नातवाच्या डोक्यातली ऊ काढते. तारीख नाही? परत. ठराव आहे पण ठरावाला सूचक नाही? परत. खाली सतरा अंगठे आहेत पण वर अर्जदाराचं नाव नाही? परत. लोक तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणायचे, आणि पायऱ्या उतरले की 'परतसाहेब'.

तर या झोले भाऊसाहेबांचं एक गुपित मार्च महिना लागेपर्यंत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. बायकोला, म्हणजे पुष्पाबाईंना, ते अर्ध्यात धरायचे. गेले सात-आठ महिने नवरा-बायकोत जे असायला हवं ते त्यांच्या बाजूने जमेनासं झालं होतं. आधी त्यांनी ते कामाच्या ताणावर टाकलं. मग पाठीवर. मग गादीवर, आणि गादी बदललीही. बिचारी जुनी गादी निर्दोष असताना भंगारात गेली. शेवटी ते जेवण झालं की फाईल उघडून बसायला लागले आणि पुष्पाबाई झोपल्या की मिटायला लागले. एका सकाळी चहा ओतता ओतता त्या एवढंच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का?" भाऊसाहेबांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण या प्रश्नावर कोणता शेरा मारायचा ते त्यांना सुचेना.

त्या दिवसापासून त्यांनी हालचाल सुरू केली. पहिली हालचाल चुकीच्या दिशेनं झाली, हे सांगायला नको.

शेजारच्या टेबलावर कमलेश नावाचा तिशीतला कारकून बसायचा. भाऊसाहेबांनी डब्याच्या सुट्टीत सहज म्हणून विषय काढला. "माझा एक मित्र आहे, डहाणूकडचा…"

"कळलं," कमलेश म्हणाला. पापडाचा तुकडाही न मोडता म्हणाला. "मित्राला सांगा, टेन्शन नको. विरारला होतो तेव्हा घेतलेल्या पडल्यात माझ्याकडे. चिठ्ठी-बिठ्ठी काय लागत नाय. एक काय, दोन घ्या म्हणावं."

आणि त्याने पाकिटातून, नोटांच्या मागून, कापलेल्या पट्टीचा एक तुकडा काढला. त्यावर औषधाचं नाव अर्धं कापलेलं, तारीख पुरती कापलेली. भाऊसाहेबांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला, "परत." नाव नाही, तारीख नाही, असा कागद ज्याने आयुष्यात स्वीकारला नाही तो अशी गोळी कशी स्वीकारणार? माणसाचा काटेकोरपणा कधी कधी त्याच्या अकलेपेक्षा उपयोगी पडतो.

दुसरी हालचाल आठवडी बाजारातली. तिथे एकजण मुळ्या, साली आणि कसलंसं तेल मांडून, हातात भोंगा घेऊन बसायचा. भाऊसाहेब त्याच्यासमोरून तीनदा गेले. पहिल्यांदा लसूण बघत, दुसऱ्यांदा सुकट बघत. तिसऱ्यांदा भोंगा त्यांच्याकडे वळला आणि सगळ्या बाजाराला ऐकू गेलं, "या काका, या! लाजू नका! आपल्या वयाला होतंच!" भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे गरज नसताना दोन किलो सुकट घेतली. घरात महिनाभर तिचा वास होता.

तेव्हा त्यांनी जव्हार गाठायचं ठरवलं. मोखाड्यात सगळे ओळखतात, जव्हारला कोण ओळखतंय? उत्तर, एसटीतून उतरल्या उतरल्या तिघे. एकाने तर "दवाखान्यात का?" असंही विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "खोकला."

तो खोकला त्यांच्या फार अंगाशी आला. कारण डॉक्टर नेमके बाहेरगावी गेलेले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची बायको, डॉक्टरीणबाई. भाऊसाहेबांना वाटलं उठावं. पण पावती फाडलेली, आणि फाडलेली पावती वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काय होतंय?"

"खोकला."

"कधीपासून?"

"सात-आठ महिने." घाईत खोकल्याला त्यांनी दुसऱ्याच दुखण्याचा कालावधी लावून टाकला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सात-आठ महिने? मग थुंकी तपासायला हवी. क्षयाचं नाकारता येत नाही. घरातल्या सगळ्यांनाही बोलवा."

म्हणजे आता पुष्पा, तिची आई आणि पालघरला शिकणारी मुलगी, सगळी वरात थुंकीची डबी घेऊन येणार. भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि टेबलावरच्या कागद दाबायच्या दगडाला उद्देशून सगळं खरं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लिहीत होत्या तशाच लिहीत राहिल्या, जणू कोणी पडशाबद्दल सांगतंय. छातीत कधी दुखतं का? जिना चढताना दम लागतो का? दारू, तंबाखू? कोणत्या गोळ्या चालू? मग रक्तदाब, मग हृदयाची पट्टी, मग बोटाला सुई. पट्टी चांगली आली. साखर मात्र दोनशेच्या वर.

"हे बघा भाऊसाहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या दुखण्याने तुम्हाला साखरेचं पत्र आणून दिलंय. आणि तुम्ही पत्र वाचायचं सोडून पोस्टमनला माळ्यावर लपवताय."

साखरेच्या गोळ्या लिहिल्या. चालणं लिहिलं. आणि मग त्या दुसऱ्या, निळ्या गोळ्या, चार. भाऊसाहेब म्हणाले, "नियम लेखी मिळतील का?" बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीच्या मागे खरंच लिहून दिलं. लागेल तेव्हा एक, तासभर आधी. चोवीस तासांत दुसरी नाही. भरपेट जेवणावर नको, दारूवर नको. कुणाची घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आणि ती तोंडीही सांगितली.

"छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवतात, माहितीय? ती घेणारा माणूस या निळीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही पाहिजे. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब असा खाली जातो की माणूस बसल्या जागी जातो. तुम्हाला तसली गोळी नाही, म्हणून मी ही देतेय. पण उद्या कधी छातीत दुखलंच, तर दवाखान्यात पाय टाकल्या टाकल्या सांगायचं, मी ही घेतलीय. लाज घरी ठेवून यायचं."

भाऊसाहेबांनी मनात मोजणी केली: डॉक्टरीणबाई, हृदयाची पट्टी काढणारी मुलगी, आणि ते स्वतः. तीन. कमलेशला कळलं ते डहाणूच्या मित्राचं, ते धरायचं नाही. अजून गुपित म्हणायला हरकत नव्हती.

औषधाच्या दुकानात चौथा वाढला. दुकानदार म्हणाला, साखरेच्या आठवड्यापुरत्या देतो, बाकीच्या मागवतो; पण ही दुसरी गोळी संपलीय, शनिवारी येईल. शनिवारी गोकुळच्या जीपने पाठवतो. हा त्या भागातला रोजचा रिवाज. गोकुळची काळीपिवळी जव्हारहून मोखाड्याला माणसं आणते, तशीच औषधं, चष्मे, शिलाईचे ब्लाऊज आणि कोंबडीची पिल्लंही आणते.

"पाकिटावर नाव काय घालू?"

भाऊसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि शेजारी कोण उभं आहे ते दिसलं. मोखाड्याचे तलाठी. खोकल्याचं औषध घेत होते, आणि त्यांचा खोकला खरा होता.

"नाव नको," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "मी स्टँडवर स्वतः उभा असेन."

"बिननावाचं मी फक्त देवजी गुरुजींचं पाठवतो," दुकानदार म्हणाला. "दर महिन्याला जातं, गोकुळला माहीत आहे. बघा बुवा."

भाऊसाहेबांचं लक्ष तलाठ्यांकडे होतं. त्यांनी 'बघा बुवा' ऐकलं, पण बघितलं नाही. ज्या माणसाने बिननावाच्या शंभर कागदांना परतीची वाट दाखवली, त्याने स्वतःच्या औषधाला नाव घालू दिलं नाही.

शनिवारी दुपारी स्टँडवर गोकुळची जीप लागली. आता गोकुळ हा जामसरचा पोरगा मनाने सरळ, पण आवाज असा की जीपला हॉर्नची गरज नाही. आणि पाकिटावरचं वाचायचं तर पुरतं वाचायचं, अशी त्याची शिस्त. "रंजना! बाळाचं जुलाबाचं औषध! मुकेश! मुकेश कुठंय? तुझी खाजेची ट्यूब आली!" मुकेश नावाचा धिप्पाड गडी मान खाली घालून आला आणि ट्यूब घेऊन पळाला. भाऊसाहेबांना स्वतःच्या दूरदृष्टीचं मोठं कौतुक वाटलं.

शेवटी गोकुळच्या हातात दोन खाकी पाकिटं उरली. दोन्ही बिननावाची. एक त्याने समोर उभ्या देवजी गुरुजींना दिलं. बहात्तर वर्षांचे हे निवृत्त मास्तर, भाऊसाहेबांना चौथीला शिकवलेले. ते सूर्यमाळला लेकीकडे निघाले होते. जावई जगन मोटरसायकल चालू करून थांबला होता. गुरुजी मागे बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि गेले. दुसरं पाकीट भाऊसाहेबांनी न बघता खिशात घातलं आणि, कोणी बघत असलं तर म्हणून, थोडं खोकले.

घरी पुष्पाबाई नव्हत्या. भाऊसाहेबांनी कडी लावून पाकीट उघडलं. आत महिन्याभराच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि अंगठ्याएवढी एक बाटली. त्यांनी चिठ्ठी काढून नाव ताडून पाहिलं. जुळेना. दुकानदाराला फोन लावला.

"बारीक पांढऱ्या? आणि बाटली? अहो, ते गुरुजींचं! छातीचं. बाटलीतली जिभेखाली ठेवायची."

भाऊसाहेब मटकन खाली बसले. नवीन गादीवर.

म्हणजे गुरुजींच्या पिशवीत आता त्या चार निळ्या गोळ्या होत्या. जुनी बाटली संपली म्हणूनच नवी मागवली असणार; कळ आली की गुरुजी पाकिटातून निघेल ती गोळी जिभेखाली ठेवणार. अंगात रोजचं छातीचं औषध, वर ही निळी. डॉक्टरीणबाईंच्या दोन रेघा भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. गुरुजींना फोन लावला, क्षेत्राबाहेर. जगनला लावला, क्षेत्राबाहेर. सूर्यमाळच्या त्या पाड्यावर रेंज फक्त एका खडकावर येते, आणि खडकावर कोणी उगाच बसत नाही.

इथे भाऊसाहेबांच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. तो त्यांना शोभणारा नव्हता, पण आला, म्हणून सांगायला हवा. कमलेशला मोटरसायकलवर पाठवावं, बंद लिफाफ्यात गुरुजींचं औषध देऊन. म्हणावं, ते पाकीट परत आण, आत बघू नको. तीन मिनिटं ते या विचाराशी बसले. मग त्यांना कमलेशचा चेहरा आठवला आणि तो घाटात थांबून लिफाफा उजेडाकडे धरताना दिसला. आणि निळ्या गोळ्या हातात पडल्या की 'दोन घ्या' म्हणणारा हा माणूस पाड्यावर काय काय सल्ले देईल? ते उठले. पांढऱ्या गोळ्या खिशात घातल्या आणि चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात.

स्टँडवर जीप नव्हती. एसटीला दोन तास होते. तेवढ्यात पाण्याचा टँकर समोरून चालला होता, चंद्रा ड्रायव्हर. सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्याची फेरी. भाऊसाहेबांनी हात केला.

"भाऊसाहेब? तुम्ही? टँकरमधी?"

"वर घे. सूर्यमाळपर्यंत. लवकर."

चंद्राच्या चेहऱ्यावर एकदम शिस्त आली. "तपासणी हाय का?"

"तपासणी," भाऊसाहेब म्हणाले. खोटं बोललं की ते वाढतं, हे खोकल्याने शिकवलं होतं. पण शिकलेलं वेळेवर आठवेल तर माणूस कारकून कशाला राहील.

तपासणी म्हटल्यावर चंद्रा नियमाने चालवायला लागला. एरवी घाटात उडणारा टँकर आज प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक गतिरोधकावर थांबा. "जरा जोरात घे रे." "नको साहेब, तुम्ही लिहाल." दोन्ही बाजूला पानगळीचं उघडं रान, वर तापलेलं आभाळ, आणि भाऊसाहेब डाव्या हाताने दार आणि उजव्याने खिसा दाबून बसलेले. आत पांढऱ्या गोळ्या खुळखुळत होत्या. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, एवढ्यात गुरुजींनी पाकीट उघडलं असेल.

आता, ज्या पाड्यावर ते निघाले होते त्याचा टँकरचा अर्ज भाऊसाहेबांनी दोनदा परत पाठवला होता. पहिल्यांदा तारीख नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा अर्जदाराचं नाव नव्हतं म्हणून. हे त्यांना पाड्याच्या तोंडाशी पोचल्यावर आठवलं. टँकर दिसला मात्र, आणि घराघरातून हंडे निघाले. बाया पळत सुटल्या, म्हातारी गोजाबाई दोन डबे घेऊन आली. पुढे होती फागी, गुरुजींची लेक.

"आला गो आला! आपला टँकर आला!" आणि केबिनमध्ये कोण बसलंय ते बघून ती थबकली. "साहेब सवताच आलं! आता तं पानी मिळलाच!"

"फागी, गुरुजी कुठे आहेत?"

"बा? तो झऱ्यावर गेलाय, खाली. डबका बघाया. छातीत दुखतंय म्हणत होता, तरी गेला. पन साहेब, आधी विहीर बघा, तळाला चिखल हाय नुसता…"

"ह्यांचा मंजूर नाय साहेब," चंद्रा कानाशी लागला. "इथं सोडला तं माझी फेरी कोन लिहिल?"

बायांनी टँकरला वेढा घातला होता. उतरायला जागा नव्हती. "विहीर बघा" म्हणून एकजण बाही ओढत होती, "अर्ज कुठं अडकलाय" म्हणून दुसरी. खाली झऱ्याच्या वाटेवर, लांब, एक पांढरी टोपी अतिशय सावकाश वर येताना दिसली. दर दहा पावलांवर थांबत होती. एक हात छातीवर होता.

"सोड!" भाऊसाहेब ओरडले.

"काय साहेब?"

"पाणी सोड! सगळं सोड! माझ्या सहीने सोड!"

तीस वर्षांत भाऊसाहेबांनी दिलेला हा पहिला तोंडी आदेश. नळाला धार लागली, हंडे वाजले, वेढा तिकडे सरकला आणि ते उतारावरून, झऱ्याच्या वाटेवरच्या फागीच्या घराकडे धावले, मागोमाग फागी. पन्नाशीनंतर डोंगरावर धावण्याला काय म्हणतात ते डॉक्टरीणबाईंना विचारावं. ते पोचले तेव्हा गुरुजी त्या घराच्या अंगणात बाजेवर टेकले होते, कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"रोहिदास? तू… इथे?" दम लागलेला असूनही गुरुजींचा आवाज चौथीच्या वर्गातलाच होता. मग लेकीकडे वळून, "फागे, पिशवी. पाकीट. एक गोळी दे."

फागी पिशवी घेऊन आली. पाकीट तिने काढलं. निळी गोळी उन्हात चमकली. अंगणात पाड्यातले पंधरा-वीसजण जमलेले, पाण्याचे हंडे कमरेवर, सगळ्यांचं लक्ष इकडे. भाऊसाहेबांना एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते घशाशी येऊन, तारीख नसलेल्या अर्जासारखं, परत जात होतं.

फागीने गोळी बोटात धरली.

"थांब! ती माझी आहे!"

सगळं थांबलं. फक्त टँकरच्या नळाचा आवाज.

"तुमची?" फागी म्हणाली. "कशाची?"

"रक्तदाबाची," भाऊसाहेब म्हणाले. हे शेवटचं खोटं.

"मग बाला द्या की! त्याला बी रक्तदाब हाय!"

हंडा खाली ठेवून सुनिता पुढे आली. ही पाड्याची आशाताई. बाळंतपणं, लसी आणि तापाच्या गोळ्या हिच्याच हातून. "साहेब, नाव सांगा गोळीचं. खरं सांगा. मला लवकर कळू द्या."

भाऊसाहेबांनी वरच्या खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. आणि मग, चिठ्ठी असूनही, स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "नवरा-बायकोसाठीची आहे. मला… जमत नाही, म्हणून डॉक्टरने दिलीय. छातीवाल्याने घेतली तर जीव जातो. पाकिटं बदलली. गुरुजींची ही माझ्याकडे आहे."

मोजणी तिथेच संपली. यापुढे मोजायला बोटं पुरणार नव्हती.

गोजाबाईने तोंडाला पदर लावला. मागे कोणीतरी खुदकलं. पण सुनिता चिठ्ठीची मागची बाजू वाचत होती. दोन रेघांशी आली आणि पटकन फागीच्या हातातली पट्टी घेतली.

"साहेब, किती होत्या?"

"चार."

"एक हिच्या बोटात, इथं दोन. तीनच झाल्या."

भाऊसाहेब बाजेवर वाकले. "गुरुजी! तुम्ही घेतलीत? रस्त्यात? आल्यावर?"

गुरुजींनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळेना. डोळे मिटलेले. सुनिताच्या एका हातात पांढऱ्या गोळ्यांची बाटली, झाकण काढलेलं, आणि हात हवेत थांबलेला. "गुरुजींनी ती घेतली असल तं मी ही देऊ शकत नाय," ती म्हणाली. "नसल घेतली तं लगेच द्यायला हवी. सांगा कोन तरी!"

अंगणाच्या कडेला, खांबाला टेकून, जगन उभा होता. चेहरा उन्हाने लाल असावा असा लाल, पण तो सावलीत होता. त्याने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा भाऊसाहेबांकडे. ज्या माणसाने आत्ताच सगळ्या पाड्यासमोर स्वतःची अब्रू बाजेवर ठेवली, त्या माणसाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"मी घेतली," जगन म्हणाला.

"काय?" फागी ओरडली.

"कंबर दुखत होती. भिवंडीला गोनी उचलून उचलून. बा आपली गोळी कोनाला देत नाय, म्हनून पिशवीतनं इचारल्याबिगर काढली. निळी होती, म्हटला, भारी असल." त्याने डोकं धरलं. "कंबर तशीच हाय. डोका फुटतंय. आनि सगळा निळा निळा दिसतंय मला, मघापास्ना. भ्यालो, पन सांगू कसा?"

सुनिताने त्याचं पुढचं ऐकलंच नाही. गुरुजींना नीट टेकवून बसवलं आणि त्यांची स्वतःची गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. भाऊसाहेब बाजेच्या पायाशी उकिडवे बसले, गुरुजींचा पाय धरून, जणू पाय सोडला तर गुरुजी जातील. एक मिनिट. दोन. नळाचा आवाज थांबला, टँकर रिकामा झाला. पाचव्या मिनिटाला गुरुजींच्या ओठांवर थोडा रंग आला आणि त्यांनी डोळे उघडले.

"रोहिदास," ते म्हणाले, "चौथीत तू पाटीवर नाव घालायचा नाहीस. रोज मार खायचास."

"बोलू नका गुरुजी."

"अजून घालत नाहीस."

सुनिताने खडकावर जाऊन दवाखान्याला फोन केला, गाडी निघाली तरी घाटात वेळ लागेल म्हणाले. मग रिकाम्या टँकरच्या केबिनमध्येच गुरुजी, जगन आणि भाऊसाहेब दाटीवाटीने बसले, आणि चंद्राने या वेळी नियम बाजूला ठेवले. अर्ध्या वाटेत रुग्णवाहिका भेटली. मोखाड्याच्या दवाखान्यात पाय टाकल्या टाकल्या, कोणी विचारायच्या आत, भाऊसाहेबांनी सगळं मोठ्याने सांगितलं: कोणी कोणती गोळी किती वाजता घेतली, कोणी घेतली नाही. बाकावरची माणसं वळून बघत होती. जगनलाही उठता येईना, डॉक्टरने निळं दिसायचं थांबेपर्यंत बसवून ठेवलं. गुरुजींना रात्रभर ठेवून पुढच्या तपासणीला पाठवायचं ठरलं. "वेळेत कळलं म्हणून," डॉक्टर एवढंच म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी पुष्पाबाई डबा घेऊन दवाखान्यात आल्या. बाकावर शेजारी बसल्या.

"सूर्यमाळच्या बायांना कळलं. टँकरवाल्याला कळलं. मला स्टँडवर गोकुळने सांगितलं, तेही ओरडून."

"तुला अर्धं माहीत होतं ना," भाऊसाहेब पुटपुटले.

"मला पुरं माहीत होतं. माझं चुकलं नाही, तुमचं दुखतंय, एवढंच सांगितलं नव्हतंत." त्यांनी हात पुढे केला. "ती चिठ्ठी द्या."

पुढची बाजू त्यांनी झर्रकन वाचली, मागची सावकाश, 'भरपेट जेवणावर नको' या शब्दांवर बोट ठेवून. मग डब्यातल्या तीन भाकऱ्यांपैकी दोन काढून पदराखाली ठेवल्या.

"भूक लागलीय गं," भाऊसाहेब म्हणाले.

"साखर आहे तुम्हाला," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड वळवून हसल्या.

सोमवारी सकाळी कचेरीत फागी आली. टेबलावर अर्ज ठेवला. "बा बरा हाय," तिने आधी सांगितलं. मग बोट अर्जावर ठेवून, "साहेब, या बारीला नाव घातलाय. सगळ्यात वर. माझाच." आणि वर, "पाकिटावर घालतात तसा."

कमलेशने शेजारच्या टेबलावरून मान वर केली. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. नाव होतं. ठराव होता, सूचक होता. तारीख नव्हती. त्यांचं पेन सवयीने शेऱ्याच्या जागेवर गेलं, तिथे थोडा वेळ थांबलं, मग वर सरकलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख घातली. शनिवारची. मंजूर नसलेल्या फेरीवरच्या सहीचा जाब वरचे साहेब विचारणारच होते, तेव्हा निदान अर्ज पाण्याच्या आधीचा असावा.

तेवढ्यात फोन वाजला. जव्हारचा दुकानदार. साखरेच्या गोळ्या आल्या होत्या, आज गोकुळकडे देतो म्हणत होता. "पाकिटावर नाव घालू का नको?"

फागी उभी होती, कमलेश कान देऊन होता, दारात तलाठी खोकत होते.

"रोहिदास लक्ष्मण झोले," भाऊसाहेब म्हणाले, पुरेशा मोठ्याने. "वरिष्ठ सहायक. पाणीटंचाई टेबल. पंचायत समिती, मोखाडा."

"एवढं मावणार नाही हो पाकिटावर."

"मावेल तेवढं लिहा," भाऊसाहेब म्हणाले. "पण नाव आधी."